सपनाच्या हातची बाटली

देवमनभाऊ माहे शेजारी. मेडशीत त्यायचं सोयाबीन-तुरीचं शेत हाये. एका काळी या मानसानं दारूपायी घरातली भांडी सुदिक ठेवली नव्हती. मंग एका धम्मचक्र दिनी त्यायनं पंचशील घेतलं अन् दारू सोडली ते सोडलीच. पण लिलाचं, त्यायच्या बायकोचं, भेव काही गेलं नाही. आजबी भाऊ शेतातून आले का दारातच उभे राहून तोंड उघडतात. ती वास घेते, मंग आत येऊ देते. गाव हासते. हासनाऱ्यायच्या बापाचं काय जाते?

त्यायची पोरगी सपना तवा पाळन्यात व्हती. बाप पिऊन पडलेला तिनं कधी पाह्यलाच नाही. शेतकी शिकली, थेट जर्मनीत वाईन बनवाच्या कामाले लागली. थंडगार डोंगर, म्हने, खाली चुनखडी, अन् त्यावर द्राक्षाचे मळे. औंदा घरी आली ते बाटली घेऊनच. तिनं सोता बनवलेली पयली वाईन.

"बाबा, एक घोट घ्या. थोडी गोडसरच हाये," म्हनून तिनं बूच काढलं. मी तिथंच व्हती. खोटं कायले बोलू, संत्र्याचा बहार फुटल्यावानी वास सुटला घरभर. भाऊनं हात मांगं घेतले. लिलानं बूच लावलं अन् बाटली तांदळाच्या कोठीमांगं दडवली.

सकाळी कोठीमांगं बाटली नव्हती. भाऊबी घरात नव्हते.

लिलानं मले हाक मारली. आमी तिघी गोठ्याकडं पळालो. भाऊ गव्हाणीजवळ बसले व्हते, डोळे मिटून, उघडी बाटली दोन्ही हातात धरून. लिलानं जाऊन त्यायचा जबडाच धरला, तोंड उघडलं, वास घेतला. एकदा, मंग अजून एकदा.

"चहाचा हाये," ती म्हनली अन् खालीच बसली.

सपनाले रडू आलं. "बाबा, मंग घ्याची व्हती ना. वास आवडला नाही काय?"

"आवडला. त्याचंच भेव हाये, बाई." भाऊ तिच्याकडं पाहात नव्हते. "दुकानातली सोडता आली, ते परक्याची व्हती. तुह्या हातची एकदा तोंडाले लागली ना, ते माह्यानं सुटनार नाही. घेऊन जाय हे."

तिनं बाटली ओढली. बाटली हालेना.

"बाबा, सोडा."

"सोडूनच राह्यलो," भाऊ म्हनले. कपाळावर घाम व्हता, बोटं पांढरी पडली व्हती. "तूच सोडव, माय."

सपना शेणातच गुडघे टेकून बसली अन् बापाचं एकएक बोट उकलू लागली.