हातांच्या बातम्या

कुरणवाडीच्या बाळाबाईनं आयुष्यात कुणापुढं हट्ट धरला नव्हता. माहेरी पाच बहिणींतली ती चौथी, आणि चौथ्या मुलीनं हट्ट धरून काही उपयोग नसतो हे तिला लवकरच उमगलं होतं. लग्न होऊन ती वडूजच्या अलीकडच्या या माळावरच्या गावात आली. नवरा धोंडिराम बांधकाम खात्यात मैलकुली होता. डांबरी रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं राखायची, असं त्याचं काम. बाळाबाई दुसऱ्यांच्या रानात तण भांगलायला जायची आणि सवड मिळेल तशा वाकळा शिवायची. तिच्या वाकळेचा टाका इतका बारीक असे, की लोक चार महिने थांबायचे, पण तिच्याकडूनच शिवून घ्यायचे.

मूल एकच. धोंडिरामनं हौसेनं नाव ठेवलं प्रियदर्शनी, पण घरात सगळे तिला पिंकी म्हणायचे. अडीच वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. आठवड्यानं उतरला, पण उतरताना कान घेऊन उतरला. जे चार-दोन बोबडे बोल यायचे तेही वर्षभरात विरून गेले.

मग मायलेकींनी आपापसांत खुणा तयार केल्या. भाकरी म्हणजे दोन तळव्यांची थापटणी. आजी म्हणजे वाकलेली पाठ. बाप म्हणजे घमेलं उचलल्यासारखे हात. अशा चाळीसेक खुणा झाल्या आणि तिथंच थांबल्या. पोरगी नऊ वर्षांची झाली, शाळेत शेवटच्या रांगेत बसून फळ्यावरचं उतरवून आणू लागली, आणि संध्याकाळी आईपुढं बसून चेहरा वर करून बघत राहायची. तिला काहीतरी विचारायचं असे, पण त्या चाळीस खुणांत तो प्रश्न बसत नसे.

ब्याण्णव सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. रविवारी दुपारी बाळाबाई हवालदारांच्या घरी वाकळ द्यायला गेली. जोतिबा हवालदार फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी गावातला दुसरा टीव्ही घेतला होता. सोप्यात बायकापोरं मराठी सिनेमाची वाट बघत बसली होती. सिनेमाला अजून अवकाश होता आणि पडद्यावर एक बाई नुसते हात हलवत होती. एक पोरगं तिची नक्कल करत होतं नि बाकीची हसत होती.

बाळाबाई वाकळ काखेत धरून दारातच उभी राहिली. ती बाई हात उगाच हलवत नव्हती. प्रत्येक हालचालीला सुरुवात होती, शेवट होता, आणि मधे चेहरा बदलत होता. ती बोलत होती.

"तात्या, ही बाई काय करती?" तिनं हवालदारांना विचारलं.

"बैऱ्यांच्या बातम्या हायत त्या," हवालदार म्हणाले. "दर रविवारी असत्यात. पंधरा मिनिटं. आवाज इंग्रजीत आसतो, म्हणून हितं कुणी बघत न्हाई."

बाळाबाईनं वाकळ तिथंच ठेवली आणि झपाझप घराकडं गेली. पण पिंकीला घेऊन येईतो सिनेमाची नावं सुरू झाली होती.

पुढच्या रविवारी ती पोरीला घेऊन आधीच जाऊन बसली, ती उंबऱ्याबाहेर पायरीवर. बौद्धवाड्यातलं माणूस हवालदारांच्या सोप्यात आजवर आत बसलेलं नव्हतं. बसू नको असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि बस असंही कुणी म्हणालं नव्हतं. बातम्या लागल्या तेव्हा दारातल्या उन्हाची तिरीप काचेवर पडली आणि पिंकी मान वाकडी करकरून बघू लागली. बाळाबाईनं दोन मिनिटं तशीच काढली. मग ती उठून उभी राहिली.

"तात्या, हितनं तिला हात दिसत न्हाईत. आत बसवू का?"

 हवालदारांची बायको लीलाबाई पदर सारखा करत आत निघून गेली. हवालदार पडद्याकडं बघतच म्हणाले, "बसव. पुढं बसव, त्या स्टुलाजवळ."

पिंकी पुढं जाऊन बसली. पंधरा मिनिटांत तिनं पापणी लववली नसेल. घरी आल्यावर तिनं आईसमोर दोन्ही हात उचलले आणि त्या बाईचे हात जसेच्या तसे करून दाखवू लागली. एक हालचाल, दुसरी, तिसरी. तिला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, पण या हातांना अर्थ आहे आणि तो आईकडून काढून घ्यायचा आहे, एवढं तिनं ओळखलं होतं. बाळाबाईला तर त्यातली एकही ठाऊक नव्हती.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. कुणाच्या रानात सुगी असो, पाव्हणे असोत, बाळाबाई त्या दुपारी कामाला जात नसे. मुकादमीण हरणाबाईनं एकदा सुनावलं, की टीव्हीच्या नादानं बाईमाणूस कामातनं उठायला लागलं तर झालंच कल्याण. बाळाबाईनं ऐकून घेतलं आणि रविवारी विळा घरी ठेवला.

खरी अडचण अर्थाची होती. आवाज इंग्रजीत, हात अनोळखी. मग तिनं हवालदारांनाच गळ घातली, की टीव्हीत बोलतात ते तुम्ही मराठीत सांगा, मी हात बघते. हवालदारांचं इंग्रजी फौजी होतं. सगळं त्यांनाही कळत नसे, पण 'पाऊस' म्हणाले, की त्या क्षणी पडद्यावरचे हात काय करतात ते बाळाबाई टिपायची. 'निवडणूक'. 'संप'. 'आगगाडी'. चौथीपर्यंत शिकलेल्या बाळाबाईनं पोरीच्या वहीच्या मागच्या पानांवर शब्द लिहायला आणि शेजारी हाताची चित्रं काढायला घेतली. कधी चुकायचं. महिनाभर त्या मायलेकी 'मंत्री'च्या जागी 'मेळावा' करत होत्या. हवालदारांना मात्र या कामाची गोडी लागली. शनिवारी रात्रीच्या रेडिओच्या बातम्या ते लक्ष देऊन ऐकू लागले, म्हणजे दुसऱ्या दिवशी इंग्रजी अडलं तरी अंदाज बांधता यावा. एका रविवारी टीव्हीसमोर स्वच्छ पोतं अंथरलेलं दिसलं. लीलाबाईनं त्याचा दुमडलेला कोपरा सारखा केला आणि मायलेकी त्यावर बसल्या.

दुसऱ्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटे, लातूरकडं भूकंप झाला. सकाळी रेडिओनं सांगितलं आणि गावाचा रंगच पालटला. चुली उशिरा पेटल्या. बायका डोळ्याला पदर लावू लागल्या. तरुण मंडळी घराघरांतून कपडे, भाकरी गोळा करून ट्रकमध्ये भरू लागली. पिंकी या दारातून त्या दारात बघत फिरली आणि धावत येऊन आईचा हात ओढू लागली. काय झालं, काय झालं, एवढंच ती चेहऱ्यानं विचारत होती.

बाळाबाईकडं भूकंपाची खूण नव्हती. तिनं जमीन दाखवली, हात थरथरवले, घर दाखवलं आणि ते खाली पाडलं. पिंकीचे डोळे विस्फारले. ती आत पळाली, आणि डबे, तांब्या, आजीचं गाठोडं, एकेक करून अंगणात आणून ठेवू लागली. तिला वाटलं आपलं घर पडणार. मग काही केल्या ती उंबऱ्याच्या आत येईना. धोंडिरामनं उचलून आत नेलं तर हंबरडा फोडून बाहेर पळाली. आजीलाही आत जाऊ देईना. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सगळं घर अंगणात जेवलं, अंगणातच निजलं.

रविवारी हवालदारांच्या टीव्हीवर त्या बाईनं ते सांगितलं. आधी नकाशा आला, त्यावर एक ठिपका. मग तिचे हात जमिनीसारखे पसरले, हादरले, घरांच्या रांगा पडल्या, माणसं झोपेत होती, खूप माणसं. पिंकीनं नकाशाकडं बोट केलं आणि आईकडं वळून 'लांब' अशी खूण केली. बाळाबाईनं मान हलवली. लांब. पोरगी उरलेल्या बातम्या न बघताच उठली. घरी जाऊन तिनं डबे आत नेले, तांब्या नेला, गाठोडं नेलं. मग आपल्या दोन झग्यांतला बरा झगा घडी घालून ट्रक उभा होता तिकडं निघाली. ट्रक कधीच गेला होता. तो झगा तिनं दुसऱ्या ट्रकमध्ये टाकला, चार दिवसांनी.

बाळाबाई त्या रात्री पहिल्यांदा रडली. भूकंपासाठी रडली, आणि पोरीचे ते तीन दिवस आठवूनही रडली.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात क्रिकेटचे सामने सुरू झाले. त्यातला एक रविवारी आला. सकाळपासून हवालदारांचा सोपा तरण्या पोरांनी भरून गेला होता. बाळाबाई आणि पिंकी कोपऱ्यात पोत्यावर होत्या. पिंकीला हा खेळ पहिल्यापासून आवडला होता, कारण त्यात पांढऱ्या डगल्यातला पंच हातानंच बोलायचा. चौकार, षटकार, वाईड, बाद, सगळं तिला पाठ होतं. वर बोट जायच्या आत पंचाच्या खांद्यावरून ती ओळखायची.

दुपारी एक डाव संपला, जेवणाची सुट्टी झाली. हवालदारांचा पुतण्या दादासो उठला नि बटणाकडं गेला. टीव्ही सकाळपासून तापलाय, त्याला थंड होऊ द्यायचा, म्हणजे दुसऱ्या डावात दगा देणार नाही, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं.

बाळाबाई त्याच्या आणि टीव्हीच्या मधे येऊन उभी राहिली.

"आता बंद करायचा न्हाई," ती म्हणाली. "आता बातम्या हायत."

"काकी, आजच्या दिस राहू द्या की," दादासो समजुतीनं म्हणाला. "तिला तरी त्यातलं काय कळतंय?"

बाळाबाईचा आवाज चढला नाही. "भूकंप झालेला तुला गुरुवारी कळला. साऱ्या गावाला गुरुवारी कळला. माझ्या लेकीला कळाया रविवार उजाडला. तवर ती घर पडंल म्हणून अंगणात बसून हुती. तुमाला सात दिस बातम्या हायत, दादासो. तिला ही पंधरा मिनिटं हायत. टीव्ही तापू दे, न्हाईतर जळू दे. मी हलत न्हाई."

 दादासोनं चुलत्याकडं बघितलं. हवालदार खाटेवरून उठले, भिंतीवरचा पंखा काढून टीव्हीच्या मागच्या बाजूला स्टुलावर ठेवला आणि सुरू केला.

"बसा सगळी," ते म्हणाले. "मीबी सांगतो, काय बोलत्यात ते."

निम्मी पोरं जेवायला गेली. निम्मी बसली. दादासो भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दिवशी हवालदार जे मराठीत सांगत होते ते पोरंही ऐकत होती, आणि एकदा हवालदार अडले तेव्हा पिंकीनं हात केले, बाळाबाईनं ते बघून सांगितलं, "पूल वाहून गेलाय कुठंतरी." हवालदारांनी मान डोलावली, बरोबर आहे म्हणून. टीव्ही दुसऱ्या डावातही नीट चालला.

पुढच्या जूनमध्ये हवालदारांनी चौकशी करून सांगलीतल्या एका शाळेचा पत्ता आणला. बाळाबाई पिंकीला घेऊन एसटीनं गेली. तिथल्या मोठ्या बाईंनी पोरीला तपासलं, हुशार आहे म्हणाल्या, पण आमच्याकडं खुणा चालत नाहीत, ओठ वाचायला आणि आवाज काढायला शिकवतो, हात केले की पोरं बोलायचा आळस करतात, असंही सांगितलं. बाळाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "ओठ शिकवा बाई, आवाज शिकवा, सगळं शिकवा. पण वर्गाबाहेर तिचं हात बांधू नका. एवढं कबूल करा, मग नाव घाला." त्या बाईंनी बराच विचार केला आणि वर्गाबाहेर आम्ही कुणाला धरत नाही, असं म्हणून नाव घातलं.

शाळेच्या शिपायानं जाता जाता सांगितलं, की रविवारी एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये अशी माणसं जमतात. बाळाबाई थांबली, ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि रविवारी पोरीला तिथं घेऊन गेली. कोपऱ्यातल्या टेबलावर सात-आठ जण होते. त्यात गुंडा नावाचा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा चाळिशीचा माणूस होता. त्यानं पिंकीला हातानं काहीतरी विचारलं. पिंकीनं आईकडं बघितलंच नाही. तिनं उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं लांबलचक सांगितलं, मधे त्यानं तिची एक खूण दुरुस्त केली, ती हसली आणि पुढं सांगत सुटली.

बाळाबाईला दोनच शब्द कळले, 'गाव' आणि 'क्रिकेट'. बाकीचं इतक्या वेगानं चाललं होतं, की तिच्या हाती काही लागेना. आनंद झाला. पण आजवर पोरीचं जगाशी जे काही बोलणं व्हायचं ते तिच्यामधून व्हायचं, आणि आज ती नुसती चहाचा पेला धरून बाजूला बसली होती. परतीच्या गाडीत तिनं मनाशी ठरवलं, की पोरगी पुढं जाते तर जाऊ दे, आपण मागं राहायचं नाही.

म्हणून पिंकी वसतिगृहात राहिली तरी बाळाबाई दर रविवारी हवालदारांच्या सोप्यात एकटी जाऊन बसत राहिली. गावात छत्रीवाली केबल आली, दादासोनं दहा वाहिन्या जोडून घेतल्या, तरी त्या वेळेला तो आपण होऊन चॅनेल बदलून द्यायचा. दिवाळीला, उन्हाळ्यात पिंकी आली की आईच्या चुका काढायची, बोटं धरून वळवून दाखवायची. बाळाबाई पुन्हा पुन्हा करायची. वाकळ शिवणाऱ्या बोटांना ते जड गेलं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली पिंकी आठवीत होती. त्या वर्षी मलकापूरचा अर्जुना नावाचा रिक्षावाला बायकोला घेऊन पत्ता विचारत कुरणवाडीत आला. त्यांची सृष्टी चार वर्षांची होती आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. सांगलीच्या शाळेत कुणीतरी त्यांना बाळाबाईचं नाव सांगितलं होतं. अर्जुना डॉक्टर, कानाचं यंत्र, नवस, सगळं सांगत राहिला. पोरगी आईच्या मांडीवर पाठ करून बसली होती.

बाळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी पाहिजे आसंल तर ही कशी सांगती?"

आईनं नवऱ्याकडं बघितलं. "रडती," ती म्हणाली.

बाळाबाई उठली. माठातून पेलाभर पाणी आणून तिनं पोरीसमोर धरलं. पोरगी वळली. मग बाळाबाईनं पेला खाली ठेवला, पोरीच्या अगदी समोर मांडी घातली आणि हळूहळू, तिला नीट दिसेल असा, हात वर केला.