मुंडावळ्या आणि उजवा डोळा

सकाळी सहा चाळीसला सुमंगलाबाईंनी विसावा मोती ओवला आणि गाठ मारली. मध्य प्रदेशातल्या धारमध्ये हाताने मुंडावळ्या करणारी आता त्यांच्याखेरीज एखादीच उरली असेल. वय बासष्ट, मधुमेह अठरा वर्षांचा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले, उजव्याचं व्हायचं आहे.

देवासला राहणारी मुलगी मोना डोळे दाखव म्हणून वर्षभर मागे लागली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू आहेच, शिवाय साखरेमुळे डोळ्यामागचा पडदाही सुजलाय. नुसता मोतीबिंदू काढला तर सूज वाढेल, म्हणून त्याच वेळी आत स्टिरॉइडची बारीक कांडी सोडायची. जिऱ्याएवढी लांब, पण त्याहून बारीक, काही महिन्यांत आपोआप विरघळणारी.

शेजारच्या धीरजला ही बातमी कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

"काकू, स्टिरॉइड तर आमच्या जिमवाले घेतात. आता तुमच्या पापण्या दंड मारतील."

"मारू दे भिया," बाई तिकडच्या बोलीत म्हणाल्या. "सुई ओवली म्हणजे झालं."

तारीख बाईंनी स्वतः निवडली, संकष्टीची. गणपतीचा दिवस, विघ्न येणार कुठून? पहाटे मोनाकडे दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली. गोळ्या जेवणानंतरच्या, आणि उपासाला जेवण नाही, म्हणून त्या घेतल्या नाहीत. दवाखान्यात साखर निघाली तीनशे अठरा. काय खाल्लंत, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काही नाही, उपास आहे, असं बाईंनी अभिमानाने सांगितलं. मग मोनाने खिचडीचं सांगून टाकलं.

"माँजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपवास भगवान का था, साबूदाने ने तो नहीं रखा."

ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. बाईंनी ज्वारीची भाकरी, वेळेवर गोळ्या आणि रोज किल्ल्यापर्यंत चालणं असा नेम धरला. साखर एकशे चौसष्टवर आली आणि अर्ध्या तासात काम आटोपलं.

आठवड्याने त्यांनी मोत्यांचे डबे उघडले. पांढऱ्या मोत्यांच्या डब्यात निम्मे मोती पिवळसर होते. दोन वर्षं त्यांनी दोन्ही एकाच दोऱ्यात ओवले होते. मोनाला फोन करून विचारलं, तर तिला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांनाही दिसलं असणार, पण बाईंना सांगायचं कोणी, असं झालं असावं. बाईंनी ते डबे पूर्ण ओतून दोन दिवस मोती निवडले. पडद्याची सूजही चांगली उतरली होती. सरळ रेघ आता सरळ दिसत होती.

कांडीची एक खोड मात्र डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितली होती, ती म्हणजे डोळ्यातला दाब वाढू शकतो. दुसऱ्या आठवड्यात दाब अठरा होता, ठीक. पण तो चढला तर साधारण दोन महिन्यांच्या आत चढतो. चढलाच तर उजव्या डोळ्यात कांडी सोडणार नाहीत, दुसरं काही शोधावं लागेल. आणि उजव्या डोळ्याला आजही सुईचं नाक दिसत नाही. लग्नसराई तर तोंडावर आलेली.

धीरजने विचारलं, दाब वाढला तर? बाई म्हणाल्या की थेंब घालतात, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आणि पुढचा मोती उचलला.

उद्या सव्वासहाची बस पकडून त्या इंदूरला उतरतील आणि तिथून देवासला जातील. गोळ्या न्याहारीनंतर, भाकरी डब्यात. साडेदहाला डॉक्टरीणबाई डाव्या डोळ्याचा दाब मोजतील, आणि उजव्याची तारीख त्या आकड्यावर ठरेल.