आग्रहाचं बटण

विदाद सकाळी शाळेत गणित शिकवायची आणि दुपारी अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात, माणसं निर्णय कसे घेतात ते शिकायची. चौतीस वर्षांची, कायम थकलेली. वर्गात माझ्या शेजारी बसून डुलक्या काढायची आणि मी कोपरानं ढोसलं की म्हणायची, "जागीच आहे गं."

प्रबंधासाठी तिनं एक खेळ मांडला होता. एका खोलीतल्या माणसानं बसबूशाच्या, म्हणजे पाकातल्या रव्याच्या वड्यांची वाटणी सुचवायची, दुसऱ्या खोलीतल्यानं पडद्यावर 'हो' किंवा 'नको' दाबायचं. 'नको' दाबलं तर दोघांनाही काहीच नाही. पुस्तकं म्हणतात, अर्धा वाटा सहसा कुणी सोडत नाही. आमच्याकडे लोक तोही धडाधड नाकारत होते. मुदत महिनाअखेर संपत होती आणि प्रबंध गेला की पदवीही गेली.

एका दुपारी ग्रंथालयातल्या इन्शिराहबाई खेळून बाहेर आल्या आणि बाकावर बसूनच राहिल्या.

"कशाची वाट बघताय?" विदादनं विचारलं.

"माझ्या बसबूशाची."

"अहो, पण तुम्हीच 'नको' दाबलंत ना!"

"मग काय पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणू? हावरट आहे का मी? त्यानं आग्रह नको करायला? कुठल्या घरचा आहे मेला!"

विदादनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. तिला असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. तिच्या खेळात आग्रहाचं बटणच नव्हतं.

आम्ही तडक डॉक्टर लबीबांच्या खोलीत गेलो. उभा जन्म परदेशात शिकवून परतलेले आमचे प्राध्यापक. ऐकून ते खूश झाले. "वा! खेळ नव्यानं मांडा, तीनतीनदा विचारा लोकांना. विभागाकडे मुदतवाढ मागू का तुमच्यासाठी?"

तिला हेच तर हवं होतं. पण ती संकोचून म्हणाली, "छे छे डॉक्टर, तुम्हाला कशाला त्रास!"

"बरं, मग आहे त्या मुदतीत उरका." त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

मला तिचा राग आला आणि तितकीच कीवही. तिची बाही ओढली, तरी ती दारातून हलेना. डॉक्टरांनी मान वर केली. "अजून काही हवंय का?"

"नको, डॉक्टर."

हे दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा विचारतील म्हणून आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. ते वाचत राहिले.