उताराखालच्या पायऱ्या

दारातला सिमेंटचा उतार कापायला आज सलीम मिस्त्री आला. चार वर्षांपूर्वी यांच्या व्हीलचेअरसाठी त्यानेच तो पायऱ्यांवर घातला होता. गेल्या वर्षी हे गेले. खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली. उतार राहिला आणि त्यावरून मी दोनदा घसरले, तेव्हा मुलीने बजावलं, "आई, आता तो काढूनच टाक."

कटरचं पातं आत शिरलं आणि धूळ जास्वंदीवर जाऊन बसली. चाक घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर खराट्याने ओढलेल्या रेघा एकेक करून तुटत गेल्या. सिमेंट म्हणजे कायमचं, असं आपण उगीचच धरून चालतो. फोडाफोडीला दोन दिवस तरी लागतील असं मला वाटत होतं. पण पहार लावताच कापलेला तुकडा अलगद सुटला. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता. त्याखाली आमच्या तीन पायऱ्या होत्या, एकीचाही टवका न उडालेल्या.

"हा कागद तू घातला होतास?"

"साहेबांनी सांगितलं होतं, वहिनी. म्हणाले, पुढे हिला पायऱ्या लागतील, काढताना फुटायला नकोत."

मी मधल्या पायरीवर बसून राहिले. रोज संध्याकाळी याच उतारावरून खुर्ची ढकलताना मी यांना म्हणायचे, "दिवाळीपर्यंत चालायला लागाल बघा." हे हसून "हो" म्हणायचे.

मला वाटायचं, मी त्यांना धीर देतेय.