गाडी बांधापर्यंत जाते

ट्रक चालवायचो त्या वर्षांत, गाडीला भाडं मिळवून देणाऱ्या दलालांच्या एका वाक्याची मला फार चीड होती. ‘गाडी बांधापर्यंत जाते.’ फोनवर एवढं सांगून ते मोकळे व्हायचे. मी दहा चाकी घेऊन पोहोचायचो, तर पुढे जेमतेम बैलगाडीची वाट. घोडेगावच्या पलीकडे एकदा दीड दिवस चिखलात रुतून बसलो होतो आणि दलाल काही फोन उचलेना.

पुढे गुडघा क्लच दाबू देईना, तेव्हा ओतूरला एसटी स्टँडजवळ टेबल टाकून मीच दलाल झालो. बायको म्हणाली, “एवढी वर्षं ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांच्यातच जाऊन बसला की.”

पहिलाच माल बोरी बुद्रुकचा कांदा. शेतकरी म्हणाला, “भाऊ, गाडी पार कांदाचाळीपतूर येती.” मी मोटरसायकलवर जाऊन वाट चालून पाहिली, वळण पावलांनी मोजलं. आत गाडी वळवून घ्यायला जागाच नव्हती. डांबरी रस्त्यापासून कांदाचाळीपर्यंत उलटी न्यावी लागणार होती आणि गाडीच्या डाव्या अंगाला पाण्याची खोल चारी.

ड्रायव्हरांना हे जसंच्या तसं सांगितलं. दोघांनी नाही म्हटलं. शेतकरी वैतागला. “राव, कांद्याला कोंब याया लागलेत. सांजंपतूर गाडी न्हाई आली तर मी दुसरा दलाल बघतो.” त्याचंही चूक नव्हतं. तिसऱ्याला फोन लावताना ते जुनं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, हे कबूल करतो. पण दीड दिवसाचा चिखल आठवला आणि खरं तेच सांगितलं.

त्यानं विचारलं, “मागं कोण उभं राहणार?”

“मी.”

तो आला. मी मागे उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होतो. डिझेलचा आणि तापलेल्या टायरचा तो वास लई दिवसांनी नाकात गेला. माझा डावा पाय चपलेतल्या चपलेत क्लच दाबत होता. स्टीअरिंगवर आपण नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

गाडी चाळीला लागली. तो उतरल्यावर मी विचारलं, “आरशात चारी नीट दिसत व्हती ना?”

“डावा आरसा कालच फुटलाय,” तो म्हणाला. “तुमी वाट चालून बघितली म्हणाला, म्हणून आलो.”

इतक्या वर्षांत दलालाच्या शब्दावर मी कधी एक चाक मागे घेतलं नव्हतं. मी पोत्यांच्या आड गेलो आणि डोळे पुसून आलो.