मावशीचा चिखल

"आधी पानी बघ." मावशीला काहीही विचारा, आधी हेच ऐकायला मिळायचं. बाजारात कधी बसणार, लेकीकडे कधी जाणार, सगळं भरती-ओहोटीवर. नवघरच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या अशा कोळणी तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांच्याशी वाद घालायला गेला असाल, तर काय होतं तेही ठाऊक असेल.

उपग्रहाच्या चित्रांवरून देशभरातली जमीन ओळखायची, जंगल, शेत, पाणी, दलदल असे रंग द्यायचे, हे आमच्या ऑफिसचं काम. मी जेसल पार्कात राहतो म्हणून भाईंदरचा तुकडा माझ्या गळ्यात पडला. रंग बरोबर आहेत का, हे काही ठिकाणी पायी जाऊन तपासावं लागतं. घोडबंदरच्या खाडीकाठी मला मावशी घेऊन गेली; मासळी मी नेहमी तिच्याकडूनच घ्यायचो. माझे बूट बघून ती इतकी हसली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुढे, अंगठा चिखलात दाबून अंदाज घेत; मी मागे, गुडघाभर रुतलेला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या चिखलात तिच्या आजीपासून सगळ्यांनी निवट्यांसारखे चिखलातले मासे आणि चिंबोऱ्या धरल्या होत्या.

मोबाइलवर नकाशा उघडला. आम्ही उभे होतो तिथे सगळं निळं. हे काय, तिने विचारलं. पाणी, मी म्हटलं.

"मंग मी काय पान्यावर उभी हाय?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. आम्ही ढग नसलेलं चित्र तेवढं निवडलं होतं. ते टिपलं तेव्हा भरती होती की ओहोटी, हे ऑफिसात कोणीच विचारलं नव्हतं.

मावशी हसत नव्हती. तिथे भराव घालून रस्ता नेणार होते, आणि कोणाचं काय बुडतं ते हा नकाशा बघून ठरणार होतं. "येवढा रंग बदल, बाबा," ती म्हणाली. मी हो म्हटलं. निघताना तिने माझ्या पिशवीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या कोंबल्या.

साहेब म्हणाले, एवढ्याशा तुकड्यासाठी देशाचा नकाशा अडवायचा का, पुढच्या आवृत्तीत बघू. मी भांडायला हवं होतं. मी मान डोलावली. चिंबोऱ्या मात्र मिटक्या मारत खाल्ल्या, खोटं कशाला बोलू!

रस्त्याच्या जनसुनावणीत भिंतीवर माझाच नकाशा. मावशी उठून म्हणाली, तिथं आमचा चिखल हाय. अधिकारी अगदी नरमाईने म्हणाले, "मावशी, तिथे नुसतं पाणी आहे. बघा ना." तिने नकाशाकडे पाहिलंच नाही. मागच्या रांगेत मी बसलो होतो, माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

भराव पडला. मावशीला लेकीने सातव्या मजल्यावर आपल्याकडे नेलं. तिथे ती वर्षभरही जगली नाही.

यंदा नवी आवृत्ती केली. भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून मी दोन्ही वेळची चित्रं निवडली. दोन्हींत तो तुकडा सारखाच दिसतो, भरावाचा राखाडी. तरीही मी आधी पाणी बघतो.