लेव्ह अर्काद्येविचांचं पाकीट

हे मी कुणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि ह्यांना जाऊन आता चार वर्षं झाली, म्हणजे तीही संधी गेली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्यांत मी ‘रशियाच्या बाई’. रत्नागिरीत कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि दर विज्ञानदिनाला कुठल्या ना कुठल्या शाळेत माझे गुरू लेव्ह अर्काद्येविच यांच्यावर भाषण केलं. शाल-नारळ घ्यायचा आणि घरी यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय?

भाषण पाठ आहे. युद्धात वडील गेले, शाळा सुटली, दुर्बिणींच्या कारखान्यात काचा घासता घासता हा माणूस संध्याकाळच्या वर्गांत शिकला आणि लेनिनग्राडच्या विद्यापीठात प्रकाशशास्त्राचा प्राध्यापक झाला. होलोग्राम हे त्यांचं काम. म्हणजे काचेच्या पट्टीवर वस्तूचा नुसता फोटो नाही — साध्या दिव्याखाली धरलीत की ती वस्तूच काचेत उभी दिसते, मान वळवली की तिची बाजूही दिसते. पट्टी घेताना केसभरही हादरा चालत नसे. टेबलावर पाण्याची बशी ठेवायचे, तिच्यातला कवडसा छतावर थरथरायचा. तो थांबला की ते बोट वर करत. मग कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. हे सांगितलं की पोरं हमखास श्वास रोखतात.

पुढचं भाषणात नसतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे चार वर्षं होते. शेवटची दोन वर्षं त्यांच्या नव्या रंगीत पट्ट्यांवर लेप चढवायचं काम माझं. रसायनांनी बोटांची सालं निघायची. एकदा त्यांनी माझी पितळेची कोयरी मागून घेतली, आईनं दिलेली, हळदकुंकवाची. तिची पट्टी इतकी साधली की पाहताना माझा हात आपोआप कुंकवाला गेला. ते हसले. फार क्वचित हसत.

पण तिथे कमिटीच्या परवानगीशिवाय काही छापता येत नसे. कमिटीवरच्या विभागप्रमुखांना स्वतःचं नाव पहिलं हवं होतं, आणि लेव्ह अर्काद्येविच नाही म्हणाले. लेख दोन वर्षं खणात पडला. मी परत निघाले तेव्हा त्यांनी तो, कोयरीच्या पट्टीसकट, एका पाकिटात घालून माझ्या हातात दिला. भारतातून एका परदेशी मासिकाला पाठवायचा. पत्रं उघडली जायची, म्हणून असं ठरलं — पोस्टात पडलं की नववर्षाचं कार्ड पाठवायचं, आत फक्त सही. नाही जमलं तर कार्डच नाही.

“एवढं गेलं की मी निवांत म्हातारा होईन,” ते म्हणाले.

घरी आले आणि पाकीट तसंच राहिलं. का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की घाबरले. कॉलेजातली नोकरी नुकतीच लागत होती, पोलीस चौकशीचे कागद फिरत होते. गावातल्या पोस्टात सगळे बाबांच्या ओळखीचे, म्हणून एसटीने पालीला गेले, पोस्टाच्या दारापर्यंत — आणि बाजारातून ओले काजू घेऊन परत आले. भीती होती, हो. ती खोटी नाही.

पण खरं कारण ते नव्हे. आता कशाला लपवू? पालीला जायच्या आधी मी पाकीट उघडलं होतं. लेखावर एकच नाव होतं, त्यांचं. माझं नव्हतं. शेवटी आभार होते, त्यातही नव्हतं. दोन वर्षं बोटं सोलवटून घेतली, कोयरी माझी, आणि मी कुठेच नाही? इतका राग आला, की रडूही आलं नाही. तरी पालीपर्यंत गेले होते; परत आल्यावर पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. जाऊ दे मेलं, म्हटलं.

पावसाळा आला. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, तर पट्टीवरच्या जिलेटिनच्या लेपाला येणार नाही? हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? लेप चढवणारी मीच होते. गणपतीची आरास काढायला माळ्यावर चढले तेव्हा उघडून पाहिलं. काचेवर करडी लव होती. उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. कोयरी नव्हती. कागद मात्र चांगले होते. अजूनही पाठवता आले असते. चुलीत घातले.

आणि डिसेंबरात कार्ड पाठवलं. आत फक्त सही.

गप्प राहिले असते तर त्यांनी दुसऱ्या कुणाकरवी पाठवलं असतं.

त्यांनी वाट पाहिली. सहा वर्षांनी तेच काम परदेशात दुसऱ्या कुणाच्या नावानं छापून आलं. मग देशच मोडला, पगार थांबले, आणि लेव्ह अर्काद्येविच बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात बसू लागले. नव्या पट्ट्या त्यांनी पुन्हा केल्या नाहीत. हे मला त्यांची मुलगी वेरा हिच्याकडून कळलं. ती वडिलांचं चरित्र लिहीत होती. गेल्या वर्षी तिनं मला शोधून काढलं, फोन केला आणि विचारलं, पाकीट नक्की गेलं होतं ना? मी म्हटलं, हो, रजिस्टर्डने. किती सहज म्हटलं.

मग ती म्हणाली, “बाबांना एकच रुखरुख होती. विमानतळावर पाकीट सापडलं असतं तर तुम्ही अडकला असतात, म्हणून त्यांनी तुमचं नाव घातलं नव्हतं. मासिकाचा होकार आला की ते पहिलं घालणार होते.”

मी “अच्छा” म्हटलं. फोन ठेवून भात लावला.

गेल्या महिन्यात पुस्तक आलं. रशियन अजून वाचता येतं मला. एक अख्खं पान माझ्यावर आहे. परदेशी मासिकानं वडिलांना साधं उत्तरही दिलं नाही, पण भारतातल्या एका मुलीनं दिलेला शब्द पाळला, असं तिनं लिहिलंय. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी वेराला लगेच कळवलं — पुस्तक मिळालं, फार छान झालंय, माझं नाव बरोबर छापलंय.